उतरायची जागा

२२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलातील खोलीवरचा कर पुन्हा एकदा बदलला. दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर आता पाच टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याआधी तो बारा टक्के होता. प्रवाशांना दिलासा म्हणून ही बातमी छापली गेली आणि ते खोटेही नाही. परंतु या कराचा थोडा मागचा इतिहास पाहिला म्हणजे चित्र निराळे दिसू लागते. १ जुलै २०१७ रोजी हा कर सुरू झाला तेव्हा हजार रुपयांच्या आतील खोलीवर तो मुळीच नव्हता. १८ जुलै २०२२ पासून त्या खोलीवरही बारा टक्के बसू लागले, आणि आता पाच. म्हणजे सात हजारांच्या खोलीत उतरणारा गृहस्थ २०१७ साली बाराशे साठ रुपये कर देत होता, तो आज साडेतीनशे देतो. सातशेच्या खोलीत उतरणारा त्या वेळी काहीच देत नव्हता, तो आज पस्तीस रुपये देतो.

वीस लाखांच्या आत वार्षिक उलाढाल असलेल्या लॉजवाल्याला नोंदणीच करावी लागत नाही, असे यावर कोणी म्हणेल. खरे आहे. पण हिशेब करून पाहावा. वर्षाचे वीस लाख म्हणजे दिवसाचे सुमारे पाच हजार चारशे ऐंशी. सातशे रुपये दराच्या अवघ्या आठ खोल्या रोज भरल्या तरी ती मर्यादा ओलांडली जाते. शहराच्या मध्यभागी आठ खोल्यांवर ज्याचे भागते असा लॉजवाला आता विरळाच.

संगीतशिक्षकाने करांविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पस्तीस रुपयांसाठी माझी तक्रारही नाही. प्रश्न त्या पस्तीस रुपयांच्या मागे उभा असलेल्या माणसाचा आहे. जुन्या शहराच्या ऐन मध्यभागी, थोड्या पैशांत, एक रात्र काढू पाहणारा हा माणूस गेल्या काही वर्षांत सर्वांच्याच हिशेबातून गळत चालला आहे. शहरांचा वारसा जपण्याच्या ज्या योजना सध्या जागोजागी चालू आहेत, त्यांतही त्याचे नाव कोठे दिसत नाही. माझ्या मते ही गोष्ट दिसते तेवढी लहान नाही. मुंबईचे उदाहरण आधी घेतो, कारण तेथे जे घडले ते आपल्या बडोद्यात आता घडू घातले आहे.

माझे वडील राजघराण्याच्या सेवेतले वादक. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते, तरी राजवाड्यातील सणावारांची हजेरी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. वाजवणाऱ्याच्या घरी पैसा बेताचा, पण मुंबईची मैफल चुकवायची नाही हा त्यांचा नेम. त्यांच्याबरोबर लहानपणी, आणि पुढे माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन, मी मुंबईस जात आलो. उतरण्याची जागा बहुधा एकच: कोटात, बोरीबंदरापासून चालत दहा मिनिटांवर, कुठल्या तरी जुन्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर.

असा लॉज ज्याने पाहिला आहे त्याला वर्णन नको, पण तरुण वाचकांसाठी सांगतो. खाली कापडाचे किंवा स्टेशनरीचे दुकान. बाजूने लाकडी जिना, त्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. वर काउंटर, मागे देवाची तसबीर आणि दरपत्रक. एके काळच्या प्रशस्त दालनाचे प्लायवूडच्या पार्टिशनने चार खोल्यांत विभाजन केलेले. छत मात्र जुन्या काळचे, पंधरा-सोळा फूट उंच. पार्टिशन छतापर्यंत पोचत नाही, त्यामुळे शेजाऱ्याचे घोरणे आणि आपला पहाटेचा षड्ज या दोहोंची देवाणघेवाण होते. न्हाणीघर सामाईक, सकाळी बादलीभर गरम पाणी. ज्याला खोली परवडत नाही त्याला कॉट बेसिसवर नुसती खाट.

तेथे उतरणारी माणसे पाहिली म्हणजे ती जागा कशासाठी आहे हे कळते. कोणी सांगली-इचलकरंजीकडून क्रॉफर्ड मार्केटात माल घ्यायला आलेला, कोणाची उच्च न्यायालयात तारीख, कोणाचा आप्त सेंट जॉर्ज किंवा जी. टी. रुग्णालयात, कोणी नोकरीच्या परीक्षेसाठी आलेला मुलगा. शहर पाहायला आलेले त्यांत फारच थोडे. शहराशी ज्यांचे काम आहे, पण शहरात ज्यांचे घर नाही, अशांची ती जागा.

आता ही जागा इतकी वर्षे स्वस्त का राहिली? लॉजवाल्याच्या औदार्याने नव्हे. तीन कारणे मला दिसतात. पहिले म्हणजे इमारतीच जुन्या, लिफ्ट नाही, वरच्या मजल्याला मोठे गिऱ्हाईक मिळत नाही. दुसरे म्हणजे स्थानक, न्यायालय, बाजार आणि रुग्णालये चालण्याच्या अंतरावर असल्यामुळे खोल्या बाराही महिने भरतात. दर थोडा ठेवूनही धंदा चालतो. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे जुने भाडे. १९४७ साली मुंबई प्रांताने भाडेनियंत्रणाचा कायदा केला त्याच्या नावातच घरभाड्याबरोबर हॉटेल आणि लॉजिंग हाउस यांच्या दरांचा उल्लेख होता. परक्या माणसाला एका रात्रीसाठी काय पडावे, ही सरकारने लक्ष घालण्याजोगी बाब आहे, असे त्या काळच्या कायदेमंडळाला वाटले होते. १९९९ साली महाराष्ट्राने त्याच्या जागी नवा भाडेनियंत्रण कायदा केला. त्याच्या नावात हॉटेल हा शब्द उरला नाही.

भाडेनियंत्रणाची दुसरी बाजूही लपवू नये. भाडे गोठले म्हणजे मालक दुरुस्ती करीत नाही. छज्जे गळतात, तुळया कुजतात, आणि एक दिवस इमारत धोकादायक ठरते. काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत हे याचे ढळढळीत उदाहरण. ओतीव लोखंडाचा हा सांगाडा एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात विलायतेहून सुटे भाग आणून उभारला. ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईने प्रथम पाहिली ती येथेच. पुढे हॉटेल गेले, खोल्यांतून वकिलांच्या कचेऱ्या आल्या, मालक आणि भाडेकरू यांच्यात दुरुस्ती अडकून पडली. २००५ साली इमारतीचा काही भाग कोसळला, आणि २०१९ साली ती रिकामी करण्यात आली. स्वस्ताई आणि हेळसांड अशा एकाच जिन्याने चढतात.

पण कोट म्हणजे केवळ वॉटसन नव्हे. १८६० नंतरच्या दशकात कोटाच्या भिंती पाडून गोऱ्यांनी आपली मुंबई थाटली, तेव्हा तिच्या उंबऱ्याशीच आपल्या लोकांनीही आपली उतरण्याची जागा केली. क्रॉफर्ड मार्केटासमोरचे सरदारगृह हे त्यांतले सर्वांत ठाऊक असलेले. महाराष्ट्रातून मुंबईस जाणारा मराठी माणूस तेथे उतरे. लोकमान्य टिळकांचे मुंबईतील वास्तव्य तेथेच असे, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी पहाटे होण्यापूर्वी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. राजवाड्यात नव्हे, बंगल्यात नव्हे, लॉजच्या खोलीत. त्या खोलीखालच्या रस्त्यावर जमलेली गर्दी गिरगाव चौपाटीपर्यंत गेली. इंग्रजांच्या मुंबईच्या मध्यभागी आपल्या माणसांना परवडणारी जागा नसती, तर त्या काळचे राजकारण तेथे जाऊन उभे कोठे राहिले असते?

राजकारणाचे जे, तेच विद्येचे. पोरवयातला कुमार गंधर्व १९३६ साली मुंबईत प्रा. देवधरांच्या शाळेत आला तो तेथेच राहून शिकला. मैफल संपल्यावर तिच्याविषयी जे बोलणे होते, ती अर्धी तालीम असते. पहाटेचा राग पहाटेच ऐकावा लागतो. आता रेल्वेगाड्या वेगवान झाल्या; उद्या बडोद्याहून मुंबईस बुलेट ट्रेनही जाईल; मग मुक्काम हवाच कशाला, असे एक इंजिनिअर स्नेही मला म्हणाले. त्यांना मी म्हटले, "दोन गाड्यांच्या मधल्या वेळात व्यापार होईल, विद्या होणार नाही." ते हसले, पण माझे म्हणणे थट्टेचे नव्हते.

३० जून २०१८ रोजी मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. चौऱ्याण्णव इमारतींचा हा समूह. त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण अशा मानाबरोबर परिसराची किंमत चढते, हा व्यवहार आहे. इमारत दुरुस्त होते, दर्शनी भाग धुऊन निघतो, खाली कॉफीचे दुकान येते, आणि वरच्या मजल्याचा जुना भाडेकरू पैसे घेऊन उपनगरात जातो. यात कोणी लबाडी केली असे नाही. दुरुस्तीला पैसा लागतो आणि तो कोठून तरी निघावा लागतो. परंतु एकूण परिणाम असा की, इमारत वाचली की तिच्यातला लॉज गेला, आणि लॉज टिकला तर इमारत ढासळत गेली. या दोहोंवाचून तिसरी वाट आपल्याकडे अजून कोणी नीट आखलेली नाही.

गोव्यात पणजीच्या फोंतेन्यास भागात थोड्या निराळ्या रीतीने हेच चालले आहे. पोर्तुगीज राजवटीत १८४३ साली पणजी राजधानी झाली. त्या काळच्या वस्तीतील रंगीत घरांत पूर्वी साधी गेस्ट हाउसे होती, घरमालकीण स्वतः चहा आणून देई. आता त्या गल्ल्यांत फोटो काढणाऱ्यांची इतकी रीघ लागते की, रहिवाशांना दारावर फोटो काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्या. मुक्कामाला येणाऱ्याशी ओळख होते. फोटोपुरता येणारा उंबऱ्याबाहेरच राहतो. अहमदाबादच्या कोटातील जुने शहर २०१७ साली जागतिक वारसा शहर ठरले, आणि २०२० साली गुजरात सरकारने १ जानेवारी १९५० पूर्वीच्या ऐतिहासिक वास्तूंना हॉटेल, संग्रहालय, समारंभगृह किंवा उपाहारगृह होण्याची वाट मोकळी करणारे धोरण आणले. धोरण चांगले आहे. पडून राहण्यापेक्षा वास्तू वापरात येणे केव्हाही बरे. पण त्या वापरात विद्यार्थ्याचा किंवा रुग्णाच्या नातेवाइकाचा वाटा कोणता, हे कोणी विचारलेले माझ्या ऐकिवात नाही.

स्वस्त खोलीची बाजू मांडताना आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. २९ एप्रिल २०२५ च्या रात्री कलकत्त्याच्या बडाबाजारालगत मेछुआ भागातील एका साध्या हॉटेलास आग लागली आणि चौदा माणसे मेली. बहुतेक धुराने गुदमरून. तोही इंग्रजी अमदानीपासूनचा शहराचा मध्यभाग, तीही बाजाराच्या कामाने आलेल्यांची उतरण्याची जागा. दिल्लीत करोलबागेतील एका हॉटेलात फेब्रुवारी २०१९ मध्ये सतरा माणसे अशीच गेली. सामाईक न्हाणीघर आणि झिजलेला जिना यांचे कौतुक सांगणाऱ्या माझ्यासारख्याने हे आकडे पुनःपुन्हा वाचावेत. गरिबाला स्वस्त खोली हवी, पण आग लागली तर बाहेर पडण्याची वाटही त्याच भाड्यात मिळाली पाहिजे. १८६७ साली इंग्रज सरकारने सराईंविषयी कायदा केला, त्यात सराईवाल्याने जागा स्वच्छ राखावी, पहारेकरी ठेवावा आणि दरांची यादी लावावी अशी कलमे होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारला जे सुचले ते आपल्या नगरपालिकांना सुचू नये, असे काही त्यात अवघड नाही.

आता बडोद्याकडे येतो.

आपल्या शहराने परक्या माणसाला कसे सामावून घेतले याच्या कथा आपण वाडवडिलांकडून ऐकत आलो. १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. आज विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या रूपाने ती चालू आहे. १९१६ सालच्या मार्च महिन्यात पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथे भरली आणि देशभरचे गवई, बीनकार, पंडित या गावात येऊन राहिले. कठोर गावी जन्मलेले भास्करबुवा बखले येथे फैज महंमदखाँसाहेबांकडे शिकले. आफताब-ए-मौसिकी फैयाजखाँसाहेब आग्र्याचे, पण आयुष्याचा मोठा काळ त्यांनी बडोद्यात काढला आणि १९५० साली येथेच ते गेले. सरकारी पाहुण्याला सरकारची जागा, शिष्याला गुरूचे घर, विद्यार्थ्याला वार लावून जेवण, आणि ज्याला यांपैकी काही नाही त्याला विशी. पैसे देऊन जेवण्याखाण्याची व उतरण्याची जी जागा, तिला आपल्याकडे विशी म्हणत. ही व्यवस्था चांगली होती, असे आपण मानतो.

पण ती सर्वांसाठी नव्हती. १९१७ सालच्या सप्टेंबरात एक तरुण बडोद्यास नोकरीवर हजर होण्यासाठी आला. महाराज सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आला होता, आणि करारानुसार संस्थानची सेवा करण्यास बांधलेला होता. गावातील हिंदूंच्या विश्या त्याला घेणार नाहीत हे त्याला ठाऊक होते, कारण त्याची जात. म्हणून तो पारशांच्या उतरण्याच्या जागी गेला. तेथे पारशाखेरीज कोणाला ठेवत नसत. तेव्हा नोंदवहीत पारशी नाव लिहून तो राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्याला जागा सोडावी लागली. ओळखीच्या एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे त्याने विचारून पाहिले. दोघांकडेही जागा निघाली नाही. मुंबईची गाडी रात्रीची. तोवरचा वेळ त्याने कामाठी बागेत काढला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे, आणि त्यांच्या निधनानंतर तो प्रसिद्धही झाला.

आपल्या घरांतून गायकवाडी वैभवाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, ही फारशी सांगितली जात नाही. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, पण महाराजांच्या शहराने एक खोली दिली नाही. दरबार उदार होता. वाडे, पोळी आणि विश्या यांना ते औदार्य पेलले नाही. त्या वाड्यांत आपले पणजोबा राहत होते, हे विसरून चालणार नाही. सयाजीबागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे लोक जमतात, आणि २०२२ साली राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक करण्याची शिफारस केली. ज्या खोलीतून त्यांना बाहेर पडावे लागले त्या खोलीचा प्रश्न मात्र त्या झाडाखाली संपत नाही.

कायद्याने तो प्रश्न सोडवला आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे लिहिले आहे. हॉटेल हा शब्द घटनेत आहे, आणि ती घटना रचणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणजे बडोद्यात खोली न मिळालेला तोच तरुण होता. कायदा इतका स्पष्ट असल्यावर आज कोणाची अडचण होऊ नये.

पण होते. माझ्याच अनुभवाचे सांगतो. तीन वर्षांपूर्वी चार विद्यार्थ्यांना घेऊन मी एका शहरात परीक्षेसाठी गेलो होतो. शहराचे व हॉटेलचे नाव सांगण्याचे कारण नाही. खोल्या फोनवरून आधी ठरलेल्या, पैसेही भरलेले. काउंटरवर आधार कार्डे मागितली. चौथ्या मुलाचे कार्ड पाहून व्यवस्थापक आत गेला, परत आला आणि म्हणाला, "मास्तर, तिघांची सोय होईल." मी विचारले, "चौथ्याचे काय?" तो म्हणाला, "खोली भरली." तो मुलगा मुसलमान. फैयाजखाँसाहेबांची चीज तो माझ्याकडे शिकत होता आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेत तीच गाणार होता. आम्ही पाचही जण तेथून निघालो आणि स्थानकाजवळ एका डॉर्मिटरीत पाच खाटा घेतल्या. त्या डॉर्मिटरीवाल्याने कार्डांची नोंद केली, नावांकडे पाहिले नाही, आणि पहाटे रियाज करायचा तर गच्चीवर जा एवढेच सांगितले.

याखेरीज रोजच्या अडचणी आहेतच. कित्येक हॉटेलांत त्याच गावचे ओळखपत्र असेल तर खोली मिळत नाही. वाघोडियाचा माणूस रुग्णालयातल्या आप्तासाठी बडोद्यात रात्र काढू पाहील तर त्याला हाच नियम आडवा येतो. एकट्या बाईला दहा प्रश्न विचारतात. फोनवरच्या अ‍ॅपवर एक दर, काउंटरवर दुसरा. तंबोरा दिसला की "आवाज नको" असे आधीच बजावतात. ते एक वेळ मी समजू शकतो. परंतु एकंदरीने पाहता, ज्याच्याजवळ पैसे अधिक त्याला हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. प्रश्न विचारले जातात ते सातशेच्या खोलीसाठी.

आणि आता ही वेळ अशी आहे की, आपल्या जुन्या शहराविषयी काही ठरवले जात आहे. चिझमसाहेबांनी बांधलेले १८९६ सालचे न्यायमंदिर २०१८ साली न्यायालये नव्या संकुलात गेल्यापासून आपल्या मूळ कामाला मुकले. न्यायालय होते तोवर डभोई, पादरा, करजण, सावलीहून येणाऱ्या पक्षकारांच्या पायांनी तो चौक जागा असे. वकील, अर्जनवीस, चहावाले आणि साधे लॉज त्यांच्यावर जगत. न्यायमंदिराचे संग्रहालय करावे असे बोलले जाते. व्हावे, ती वास्तू त्या योग्यतेची आहे. पण संग्रहालय संध्याकाळी बंद होते. सुरसागर, मांडवी, लहेरीपुरा दरवाजा या भागाचे सुशोभन झाले आणि रात्री आठनंतर तेथे परका माणूस एकही राहिला नाही, तर आपण जपले काय?

मागायचे ते फार नाही. जुन्या शहरातील सार्वजनिक वास्तूंचा जो काही नवा उपयोग ठरेल, त्याबरोबर जवळपासच एखाद्या रिकाम्या सरकारी इमारतीत पन्नास खाटांची स्वच्छ उतरण्याची जागा व्हावी: विद्यार्थी, परीक्षार्थी, सयाजी रुग्णालयातील रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेने कर्करोगाच्या रुग्णांसाठी हेच काम कित्येक वर्षे केले आहे, तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. दुसरे, जे साधे लॉज टिकून आहेत त्यांना दुसरा जिना आणि अग्निशमनाची सोय करण्यास महानगरपालिकेने पैशाने मदत करावी. नुसत्या नोटिसा देऊन ते बंद पडतील, सुधारणार नाहीत. तिसरे, दरपत्रकाशेजारी घटनेच्या पंधराव्या कलमातील ते वाक्य गुजराती, मराठी आणि हिंदीत लावणे सक्तीचे करावे. खर्च एका फलकाचा.

चौथी गोष्ट सरकारला सांगायची नाही, आपल्याला सांगायची आहे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांत आपल्यापैकी कित्येकांचे वाडे कुलूपबंद आहेत. मुले पुण्यात किंवा परदेशात. वर्षातून एकदा कुलूप उघडायचे, झाडलोट करायची आणि पुन्हा लावायचे. काही वाडे बिल्डरकडे गेले, काही एखाद्या हॉटेलवाल्याच्या डोळ्यांत भरतील आणि मग त्याच माजघरात परदेशी पाहुणा आठ हजारांत झोपेल. त्याला माझा विरोध नाही. पण अशा वाड्यांपैकी दहांनी जरी दोन-दोन खोल्या बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना वाजवी दरात, रीतसर नोंद करून, दिल्या तरी वीस खोल्या होतात. बडोद्यास संगीत, चित्रकला, संस्कृत शिकायला येणाऱ्या मुलाला त्या वीस खोल्या म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. त्या खोल्या देताना मात्र एक अट आपण आपल्याला घालून घ्यावी. नोंदवहीत त्याने आपले खरे नाव लिहावे, आणि ते वाचून कोणी आत जाऊन विचार करून येऊ नये.